स्लायसर घेताना: हाड, पातं आणि सासूबाई

जर्मनीतल्या एर्लांगनला आमच्या घराजवळच्या खाटकाकडे लहान मूल घेऊन गेलं की काउंटरमागची बाई आधी मुलाच्या हातात गेल्बवुर्स्टचा, म्हणजे फिक्या रंगाच्या सौम्य सॉसेजचा, एक काप ठेवते आणि मग मोठ्यांना काय हवं ते विचारते. या भागातली रीतच आहे ती. माझ्या लेकीला थंड मांसाच्या कापांची चटक तिथूनच लागली. आता ती चांगली उंच घोडी झाली आहे, पण संध्याकाळी पाव, लोणी आणि वर दोन पातळ काप मिळाले की तिचं जेवण झालं. इथे बहुतेक घरांत रात्रीचं जेवण असंच थंड असतं. मी मात्र वरण-भाताशिवाय झोपू शकत नाही, म्हणून आमच्या टेबलावर रोज दोन देश मांडलेले असतात.

खाटकाकडे या कापांचा भाव १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो. आकडा लहान दिसतो, बरा वाटतो. दहाने गुणलं की मग कळतं. पण पैशांपेक्षा मला त्यातलं नायट्राइट जास्त खुपत होतं. हॅमला तो गुलाबी रंग येतो आणि ते टिकतं, ते नायट्राइट मिसळलेल्या मिठामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं. मी घाबरून सगळं सोडून देणाऱ्यांतली नाही. सणावाराला, पाहुणे आले की खुशाल खावं. पण रोज डब्यात तेच आणि रोज रात्रीही तेच म्हटल्यावर मांस घरीच भाजून काप काढावेत असं ठरवलं. सुरीने ते जमत नाही. म्हणजे जमतं, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला फाटलेलं, आणि लेक ते बाजूला सारते.

जर्मनीत घरगुती स्लायसर ही काही नवलाईची वस्तू नाही. पाव कापायला म्हणून तो कित्येक घरांत असतो, काही स्वयंपाकघरांत तर तो खणात घडी होऊन बसतो आणि खण उघडला की वर येतो. म्युनिकजवळच्या ग्र्योबेनत्सेलची रिटर कंपनी १९०५ सालची, आर्न्सबर्गची ग्रेफ १९२० सालची. दुकानात एक संपूर्ण फळी याच यंत्रांची. मूळ कल्पना मात्र एका डच खाटकाची. रॉटरडॅमच्या विल्हेल्म व्हान बेर्केलने १८९८ मध्ये फिरत्या गोल पात्याचं आणि सरकत्या बैठकीचं यंत्र बनवलं, आणि आजही आतली गंमत तीच आहे: पातं जागेवर फिरतं, मांस त्याच्याकडे जातं, आणि मधल्या पट्टीतलं अंतर कमी-जास्त करून जाडी ठरते.

मी स्लायसर बघते आहे हे ठाण्याला धाकट्या भावाला कळलं.

“ताई, येताना माझ्यासाठी पण एक आण ना. तिथे चांगले मिळतात.”

“आणीन की. पण तू कापणार काय त्यात?”

“रविवारचं मटण.”

“हाडासकट?”

“मग काय, बिनहाडाचं मटण कोण खातं?”

झालं, तिथेच विषय संपला. हे आपल्याकडच्या लोकांना आधी सांगायला हवं, कारण कुठल्याही खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं: घरगुती स्लायसर हाड कापत नाही. दगडासारखं गोठलेलं मांसही कापत नाही. पात्याच्या धारेला खाच पडते आणि मागचं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजतं. नल्ली, चाप, सीना हे सगळं खाटकाच्या सत्तूराचं काम आहे, आणि ठाण्याचा खाटीक ते वेगळे पैसे न घेता आपल्या डोळ्यांसमोर करून देतो. विजेची अडचण नव्हतीच, दोन्हीकडे २३० व्होल्टच आहेत. भावाला मी उलट खिम्याचं यंत्र घे म्हटलं.

तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नाही, तुमच्या घरात काय कापलं जाणार याचा. आमच्याकडे तीन गोष्टी होत्या: भाजून गार केलेली टर्कीची छाती, अर्धवट गोठवलेली बिनहाडाची लँबची मांडी, आणि पाव. चौथी गोष्ट सासूबाईंनी घुसवली, तिच्याकडे येतेच.

आता पातं. घरगुती यंत्रांत बहुतेक १७ सेंटिमीटरचं असतं. त्याचा अर्थ १७ सेंटिमीटर उंच काप निघतो असा नव्हे. पात्याचा मधला भाग झाकलेला असतो आणि खालचा भाग बैठकीच्या पातळीखाली जातो. त्यामुळे घरून निघताना नेहमीच्या मांसाच्या गोळ्याची उंची मोजून घ्या आणि दुकानात फूटपट्टी काढायला लाजू नका. मी काढली. विक्रेता तरुण होता, तो हसला, मग स्वतःच दुसऱ्या यंत्राचं माप घेऊन आला. त्याहून मोठी, २२-२५ सेंटिमीटर पात्याची इटालियन धाटणीची यंत्रं दिसायला देखणी असतात आणि त्यांची बैठक तिरकी असल्याने मांस आपल्या वजनाने खाली सरकतं. पण ती उचलून खाली ठेवायची वस्तू नाही, ओट्याचा एक कोपरा कायमचा जातो. भाड्याच्या घरातल्या माझ्या ओट्यावर मिक्सर, कुकर आणि पोळपाट यांचंच आपापसात पटत नाही.

व्यासापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पातं दातेरी आहे की गुळगुळीत. बहुतेक यंत्रांबरोबर दातेरी पातं येतं, कारण त्यांचं मुख्य काम पाव. पावाच्या कडक सालीला ते उत्तम पकडतं. पण मऊ शिजलेल्या मांसावर तेच दात धागे ओढतात, कापाच्या कडेला चुरा पडतो, आणि एक मिलिमीटरच्या खाली गेलात की काप जाळीदार होतो. गुळगुळीत धारेचं पातं, ज्याला इथे हॅमचं पातं म्हणतात, ते सरळ आरपार जातं. गुळगुळीत धार पुन्हा लावता येते, दातेरी धार घरी लावणं जवळजवळ अशक्य. म्हणून मांसासाठी यंत्र घेणाऱ्याने एकच गोष्ट विचारायची: या मॉडेलला गुळगुळीत पातं वेगळं मिळतं का, आणि आणखी पाच वर्षांनी मिळेल का? स्वस्त यंत्रांच्या बाबतीत विक्रेत्याची जीभ इथेच अडखळते.

वॉटच्या मागे मात्र लागू नका. ६५ वॉटची मोटर असलेली चांगली यंत्रं आहेत आणि १५० च्या वरची थरथरणारीही आहेत. काम मोटरपेक्षा धार आणि भक्कमपणा करतात. मागच्या पट्टीवर केबी ५ असं काही लिहिलेलं दिसेल, म्हणजे सलग पाच मिनिटं चालवा आणि मग मोटरला गार होऊ द्या. घरच्या कामाला पाच मिनिटं रग्गड. दुकानात मी एकच चाचणी केली: जाडी ठरवणारी उभी पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. प्लास्टिकच्या यंत्रात ती वाकते. ती वाकली की काप वर पातळ आणि खाली जाड येणार, मोटर कितीही मोठी असो. धातूच्या पट्टीने दाद दिली नाही. किमतीतला फरक बराचसा त्या पट्टीतच आहे, असं माझं मत झालं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. बोट बटणावर असेपर्यंतच चालणारं यंत्र मला आवडतं. मांसाचा शेवटचा तुकडा हाताने ढकलायचा नाही, त्यासाठी खिळ्यांचा एक दाबण्या येतो, तोच वापरायचा. शेवटचे दोन सेंटिमीटर तसेही नीट कापले जात नाहीत. मी ते बारीक चिरून अंड्याच्या पोळीत घालते. काम संपलं की जाडीचं बटण शून्यावर, म्हणजे धार पट्टीमागे लपते, आणि मग प्लग काढायचा. अमेरिकेत दुकानांमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना विजेचा मांस-स्लायसर चालवायला कायद्यानेच बंदी आहे, अगदी धुवायलासुद्धा. हे वाचल्यापासून लेकीची “मी करू?” ही विनंती माझ्याकडे फेटाळली जाते.

यंत्र कुठलंही असो, अर्धं यश मांसाच्या तयारीत असतं, आणि दुकानदार तेवढंच सांगत नाही. गरम मांसाचा पातळ काप निघत नाही. निघतो तो लगदा. माझी पद्धत सांगते. टर्कीच्या छातीचा सव्वा किलोचा अखंड तुकडा घ्यायचा. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरी, मीठ आणि लिंबू यांचं वाटण रात्रभर चोळून ठेवायचं. वाटण अगदी बारीक हवं, कारण कोथिंबिरीची देठं पुढे पात्यात अडकतात. सकाळी वाटण निपटून काढायचं आणि मांसाला सुताने घट्ट बांधून दंडगोल आकार द्यायचा. हे बांधणं टाळू नका, आकार एकसारखा असेल तर पहिल्या कापापासून शेवटच्यापर्यंत सगळे गोल येतात. मग ओव्हन १२० अंशांवर, आणि मध्यात खुपसलेला थर्मामीटर ७४ दाखवेपर्यंत धीर धरायचा. घड्याळाकडे बघून उपयोग नाही, प्रत्येक तुकडा वेगळा वेळ घेतो. बाहेर काढून वाफ गेली की झाकून थेट फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत. त्या वेळात रस घट्ट होतो आणि मांस आवळून बसतं. दुसऱ्या दिवशी सूत सोडून एक-दीड मिलिमीटरवर काप काढायचे.

नायट्राइट नसल्याने रंग पांढुरका येतो आणि काप तीन-चार दिवसांतच संपवावे लागतात. उरलेले कागदाचे थर घालून फ्रीझरमध्ये. गुलाबी रंगाची सवय असलेल्या पाहुण्यांना पहिल्यांदा ते उकडलेलं वाटतं. खाल्ल्यावर मिरची लागते आणि मत बदलतं.

कच्च्या मांसाचं गणित वेगळं. लँबची बिनहाडाची मांडी दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायची, इतकी की वरून ती कडक लागावी पण अंगठा जोराने दाबला तर आत दबावी. मग धाग्यांच्या आडव्या दिशेने दोन मिलिमीटरचे काप. कांदा लालसर परतून, आमचा ठाण्याहून आलेला मसाला घालून हे काप मोठ्या आचेवर टाकले की काही मिनिटांत सुकं मटण तयार. कुकर लावायचं काम नाही. हाडाचा रस नसल्यामुळे ते रविवारच्या मटणाची जागा घेत नाही आणि घेऊही नये, पण बुधवारी संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून येणाऱ्याला याहून चांगलं काही सुचवा.

धुण्याबद्दल दुकानात कोणी विचारत नाही, खरेदी मात्र त्यावरच ठरायला हवी. पातं मधल्या कुलपाने फिरवून सुटतं का? सरकती बैठक पूर्ण निघते का? मागे बोट न पोहोचणारी फट आहे का? कच्चं मांस कापल्यावर त्या फटीत जे अडकतं ते दुसऱ्या दिवशीच्या पावाला लागणार. अॅल्युमिनियमचे भाग डिशवॉशरमध्ये काळपट होतात, पात्याची धारही जाते, तेव्हा हे हाताचं काम आहे: गरम पाणी, साबण, पातं मध्यभागी धरून, लगेच कोरडं. मागच्या दातेरी चाकाला अधूनमधून व्हॅसलीनचं बोट. एवढं केलं की आवाज मऊ राहतो.

यंत्र घ्यायच्या आधीच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. त्या सोमवार आणि गुरुवार काटेकोर पाळतात, एरवी पापलेट बघून विरघळतात. माझे कॅटलॉग बघून म्हणाल्या, “याच्यात कोबी छान बारीक होईल गं, विळीवर हल्ली हात दुखतो.” आणि लगेच, “पण ज्यात मटण कापणार त्यात माझा गुरुवारचा कोबी नको.” नवरा म्हणाला, “आई, धुतलेलं असतं ते.” त्यावर त्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. मला मात्र त्यांचं म्हणणं सोवळ्याच्या हिशेबाने नाही तरी स्वच्छतेच्या हिशेबाने पटलं. त्यामुळे निवड सोपी झाली: रिटरचं ई १६ ड्युओ प्लस, धातूचं, दोन पात्यांसह येणारं. दातेरी पातं पाव आणि कोबीचं, गुळगुळीत मांसाचं. पाती वेगळ्या डब्यांत, वेगळ्या खणांत. एकाच दिवशी दोन्ही कामं असतील तर आधी कोबी, मग पाव, मग शिजलेलं मांस, आणि कच्चं सगळ्यात शेवटी.

पुढच्या खेपेला सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी बैठक उलटी करून बघितली, पट्टीच्या मागे बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि कोबीचा गड्डा आणायला सांगितला.