आमची वाटचाल : बसायला निमित्त लागतं

आमचा धंदा काय, हे कोल्हापुरात सांगताना अजून अडखळायला होतं. ‘लँडस्केप’ म्हटलं की समोरचा म्हणतो, “म्हंजे बागंची कामं करताय म्हणा की.” करतो, बागाही करतो. २०११ साली राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेऊन ऑफिस थाटलं, तेव्हा घर चाललं ते बंगल्यांच्या हिरवळीवरच. मनात मात्र रस्त्याकडेची कामं होती. दवाखान्याचं अंगण, चौकातला कोपरा, शाळेचं फाटक. जिथं माणूस एक रुपया न देता बसू शकतो, अशा जागा.

“कोल्हापूरकराला बसायला शिकवायला लागतंय व्हय?” एका जाणत्या पुढाऱ्यांनी तोंडावर विचारलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं. गंगावेशीत संध्याकाळी जाऊन बघा. म्हशी उभ्या असतात, डोळ्यांदेखत धार काढतात, फेसाळलेला कोमट पेला हातात येतो. शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास, धारेचा आवाज, शेजारच्याशी ऊस-पाण्याच्या गप्पा. दूध संपलं तरी माणूस तिथंच रेंगाळतो. हे कुणी कागदावर काढलेलं नाही. खासबागेचं मैदान मात्र काढलेलं आहे आणि काय काढलंय! शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळं पार मागं बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसते. शिवाय पेठेपेठेत तालमी आणि तालमीपुढं कट्टे आहेतच.

या सगळ्या वर्णनात बाई कुठं आहे, हे मात्र त्या पुढाऱ्यांनी विचारलं नाही. मी याच गावात वाढले, पण तालमीच्या कट्ट्यावर आयुष्यात कधी टेकलेले नाही. कुणी अडवलं असतं असंही नाही. टेकावं असं मनातच आलं नाही.

विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठं बसतात ते टिपलं होतं. त्यांचा निष्कर्ष ऐकायला बाळबोध आहे : जिथं बसायला जागा असते, तिथं लोक बसतात. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त कामाचं वाटतं. जी जागा चांगली जमलेली असते, तिथं बायकांचं प्रमाण जास्त असतं. बायका जागा निवडताना चोखंदळ असतात, म्हणून एखादी जागा जमली की फसली हे त्यांच्याकडं बघून कळतं.

मग आमच्या बायका बसतात तरी कुठं? उत्तर मला उन्हाळ्यात मिरची कांडपाच्या दारात मिळालं. वर्षाची चटणी करायची, म्हणून भाजलेला मसाला आणि मिरचीचे डबे घेऊन बायका नंबर लावून बसलेल्या. पायरीवर, उलट्या घातलेल्या बादलीवर, कुणी पोत्यावर. तिखटाच्या खकाण्यानं सगळ्यांना शिंका येतायत, नाकाला पदर लावलाय आणि गप्पा काही थांबत नाहीत. कुणाची सून, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कांदा-लसूण चटणीत खोबरं किती. हा त्यांचा कट्टा. नुसतं बसायला म्हणून बाई घराबाहेर पडत नाही, तिला कामाचं निमित्त लागतं. म्हणून बाकडं बागेत नेऊन ठेवण्यापेक्षा निमित्ताच्या शेजारी ठेवावं. आमच्या फर्मचं म्हणणं विचाराल तर एवढंच आहे, पुढची सगळी कामं त्यातून निघाली.

पहिलं मनासारखं काम एका खाजगी दवाखान्याचं. डॉक्टरांना गावाकडनं आलेल्या नातेवाइकांची गर्दी पार्किंगमधून हटवायची होती. आम्ही म्हटलं, हटवू, पण बसवून. आवारात जुना करंज होता. त्याला पार बांधला, पण चारी बाजूंनी सारखा नाही. दुपार कलली की सावली पूर्वेला सरकते, म्हणून पूर्वेकडं रुंद ठेवला. उंची १८ इंच, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येतं. रुंदी मात्र ३० इंच. नेहमीच्या बाकावर मांडी घालता येत नाही, आणि आमची आजी पाय लोंबकळत ठेवून भाकरी खात नाही. शेजारी नळ घेतला. पिशव्या अडकवायला खुंट्या दिल्या. डॉक्टर खुंट्यांना हसले होते. आता सगळ्यात आधी त्याच भरतात.

दगड आपला काळाच. ग्रॅनाइट चकचकीत करून बसवला की पावसाळ्यात घसरतो, म्हणून घडीव दगड घेतला. कडा घासून गोल करायचं काम ज्या मामांकडं होतं, ते प्रत्येक दगडावरून उलटा तळहात फिरवायचे. मी विचारलं, गुळगुळीत तर झालाय की. “मॅडम, हाताला लागतंय तवर बसणाऱ्याला लागणारच,” म्हणाले आणि पुन्हा छिन्नी उचलली. त्यांचा तो हिशेब आम्ही निविदेत लिहून बघितला, पण उलट्या तळहाताचा दर कुठल्याच दरसूचीत सापडत नाही.

त्या आवारात रातराणी लावा, असा आग्रह होता. वॉर्डाच्या खिडकीखाली रात्रभर एवढा उग्र वास नको, म्हणून बकुळ लावली. बकुळीचं फूल सुकलं तरी वास सोडत नाही. शिवाय ते खाली पडतं, म्हणजे वेचायला वाकावं लागतं. हेही एक निमित्तच.

बाकी धंद्याचं म्हणाल तर रडगाणं सगळ्यांचं तेच. एका सरकारी कामाचं बिल इतकं रखडलं की मधल्या काळात पुन्हा बंगल्यांच्या हिरवळीच कामाला आल्या. चौकाचं काम म्हटलं की आधी स्वागतकमान हवी असते, नाहीतर कारंजं. मॅनहॅटनमध्ये १९६७ साली पेली पार्क नावाची बाग झाली, ४२ फूट बाय १०० फूट, म्हणजे आपल्या भाषेत जेमतेम चार गुंठे. तिथं मागच्या भिंतीवरून २० फुटांवरून पाणी पडतं आणि त्या आवाजात रस्त्यावरची गाड्यांची कलकल विरून जाते. सुट्या खुर्च्या आहेत, हव्या तिथं ओढून बसावं. मला ती बाग फार आवडते, पण इथं तशीच करायला मी धजत नाही. कारंजं उद्घाटनापुरतं उडतं, आणि सुट्या खुर्च्या गणपतीत एखाद्या मंडळाच्या मांडवात सापडतील. आवाजासाठी आम्ही पिंपळावर भिस्त ठेवतो, अर्थात इमारतीपासून लांब. जरा वारं सुटलं की पानं सळसळतात, वीजबिल येत नाही.

पंचगंगेच्या बाजूची आमची दोन कामं २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराखाली गेली आणि २०२१च्या जुलैत पुन्हा. दगड जागचा हलला नाही. लाकूड गेलं, जमिनीलगतचे दिवे गेले. आता नदीकडंच्या कामात लाकूड नाही, दिवे डोक्याच्या वर, आणि प्रत्येक कट्ट्याला एवढा उतार की पाइपनं पाणी मारलं की गाळ वाहून जाईल.

सध्या एका शाळेच्या फाटकाचं काम हातात आहे. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास आया, आज्या गाड्यांना टेकून उभ्या असतात. आम्ही भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला लांब बैठक काढलीय, वर पत्र्याची पडवी, दप्तराला खुंट्या. शाळा म्हणते, बैठक आवारात घ्या, बाहेर नको, नको ती माणसं येऊन बसतील. आम्ही म्हणतो, आवारात घेतली तर फाटक उघडेपर्यंत आया बाहेरच उभ्या राहणार. यावर दोन मीटिंगा झाल्या, अजून ठरलेलं नाही. पुढच्या वेळी पालक-शिक्षक संघातल्या आयांनाही बोलवायचं, एवढं शाळेनं कबूल केलंय.