तुम्ही विचारलंत म्हणून: घरी कुठलं वेल्डिंग मशीन घ्यावं?

बाबांच्या चेतक स्कूटरचा फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायचा पत्रा, मी घरीच बदलला हे कळल्यापासून जो तो विचारतो, मशीन कुठलं घेऊ? पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘पुण्याच्या बोहरी आळीत छोटं आर्क इन्व्हर्टर, म्हणजे रॉडने वेल्डिंग करायचं मशीन, स्वस्तात मिळतंय, चालेल ना?’

खिडकीच्या ग्रिलला झकास चालेल. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर, तोही गंजून झिजलेला. अडीच एमएमचा रॉड त्याला भोकच पाडतो. मुरलेला वेल्डर पातळ रॉड घेऊन, करंट उतरवून जमवतो. पण तो मला विचारायला येत नाही.

माझा हट्ट गॅसवाल्या मिगचा, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची बारीक वायर आपोआप पुढे सरकवणाऱ्या मशीनचा. 0.6 किंवा 0.8 एमएमची वायर, आरगॉन आणि सीओटूचं मिश्रण. नुसता सीओटू स्वस्त पडतो, पण शिंतोडे फार. बिनगॅसची फ्लक्स वायर (पोटात संरक्षक पावडर भरलेली) पातळ पत्र्याला जास्तच तापते. टिगचा (टंगस्टनच्या टोकाने, वायर वेगळी हाताने भरत करायचं वेल्डिंग) सांधा देखणा, पण त्याला लख्ख पत्रा लागतो. तो आणायचा कुठून?

‘एवढा खर्च? गॅरेजवाला कशाला आहे मग?’ हे माझंच जुनं वाक्य. त्याच हिशेबाने चेतक डेंटिंगला दिली होती. त्याने गॅसची ज्योत लावून सलग शिवण मारली. तापून फुगलेला पत्रा निवताना आक्रसला, फूटबोर्डचा पापड झाला. लेगशील्डचा, म्हणजे पायांपुढच्या पत्र्याचा, रंग करपला. वर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), वर नवा रंग. गाडी शोरूममधून आणल्यासारखी. पहिल्याच पावसाळ्यात ब्रेक दाबताना बाबांच्या पायाखालचा पत्रा खचला. चेतकला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. बाबा पडले नाहीत, बोललेही नाहीत. चावी खुंटीला लावली ती लावलीच.

त्या माणसावर राग आहेच. पण पत्रा वाकू द्यायचा नसेल तर वेल्डिंगचा एक टाका मारायचा, निवू द्यायचा, दुसरा लांब जाऊन मारायचा, यात अख्खा दिवस जातो. मी दिलेल्या पैशात त्याने तो का घालवावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून मशीन शेवटी घ्या. आधी चार इंची ग्राइंडर, फ्लॅप डिस्क (घासायची चकती), पत्र्याची कात्री, भरपूर क्लॅम्प. हातोडी आणि डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) जुन्या बाजारात बघा. तुकडा नीट बसला नाही, फट राहिली, तर महागडं मिगही भोकच पाडतं. पैसे वाचतात म्हणाल, तर माझे वाचलेले नाहीत.

आणि स्कूटर असेल तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा. रिकामी आहे म्हणून राहू देऊ नका, आतली वाफच भडकते.