आराधनेचे संत आणि चिंध्या वेचणारी मुले

२ ऑगस्ट

आज संत पीटर ज्युलियन आयमार्ड यांचा सण. त्यांचे नाव निघाले की पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानून वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीच्या, आराधनेविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु त्यांना केवळ वेदीसमोर गुडघे टेकलेले दाखवले, तर त्यांचे निम्मे जीवन झाकले जाते, असे मला त्यांच्याविषयी वाचताना सारखे वाटत राहिले.

फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळच्या ला म्यूर या गावी, सुऱ्यांना धार लावणाऱ्या एका कारागिराच्या घरी ४ फेब्रुवारी १८११ रोजी त्यांचा जन्म झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते, शिवाय प्रकृती जन्मभर नाजूकच राहिली. तरीही २० जुलै १८३४ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते मारिस्ट या कॅथलिक धर्मसंघात गेले, तिथे मोठ्या जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या आणि सारे सुरळीत चाललेले असताना, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, १८५६ मध्ये, तो संघ सोडून त्यांनी पॅरिसमध्ये पवित्र साक्रामेंताचा संघ सुरू केला.

त्या काळच्या फ्रान्सवर यान्सेनवादाची, म्हणजे माणसाच्या पापीपणावर भर देणाऱ्या कठोर धर्मविचाराची, छाया अजून रेंगाळत होती. आपण अपात्र आहोत या धास्तीने अनेक भाविक मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, येत, पण तिथे दिली जाणारी पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, क्वचितच घेत. ख्रिस्तप्रसाद हे पुण्यवानांना मिळणारे बक्षीस नसून दुर्बळांना बळ देणारे अन्न आहे, असे आयमार्ड सांगत राहिले. पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, शक्य तर दररोज, ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले. तेव्हा आयमार्ड यांना जाऊन ३७ वर्षे झाली होती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पॅरिसमधील त्यांचे काम. चिंध्या वेचणारी आणि कारखान्यांत राबणारी मुले धर्मशिक्षणाच्या वयात मजुरी करत, आणि मोठेपणी, आता फार उशीर झाला या संकोचाने, चर्चच्या दारातही येत नसत. आयमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तरुणांना गाठून शिकवले आणि प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. दिवसरात्र आराधना चालावी म्हणून स्थापन झालेल्या संघाने हे काम अंगावर घ्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याच्यासमोर तासन्‌तास बसायचे, त्याच्या पंगतीला कोण नाही हे लक्षात येणारच.

१८६२ मध्ये बहिणीच्या मृत्यूने खचलेला एक तरुण शिल्पकार या संघात दाखल झाला. त्याचे नाव ऑग्यूस्त रोदँ. नव्या संघाला माणसांची गरज असतानाही आयमार्ड यांनी त्याची खरी ओढ ओळखली, त्याला शिल्पकाम करू दिले आणि कलेकडे परत जाण्याचा सल्ला दिला. १८६३ मध्ये रोदँने घडवलेला आयमार्ड यांचा अर्धपुतळा आजही प्रसिद्ध आहे. त्यातील केसांच्या बटा शिंगांसारख्या दिसतात म्हणून खुद्द आयमार्ड यांना तो फारसा रुचला नव्हता, असे सांगितले जाते. त्याच वर्षी पोप नववे पायस यांनी संघाला मान्यता दिली. १ ऑगस्ट १८६८ रोजी आयमार्ड जन्मगावी वारले, आणि ९ डिसेंबर १९६२ रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे पहिले सत्र संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद दिले.