रेघा हलतात कशा? तुम्ही विचारलंत म्हणून

भिंतीवर माझी प्रिंट बघून हमखास कोणीतरी विचारतं, अगं नुसत्या रेघाच तर आहेत, कंप्युटरवर पाच मिनिटांत होईल, मग तू महिनाभर छापत काय बसतेस? आणि लगेच पुढचं, पण त्या हलतायत कशा गं?

हलण्याचं आधी सांगते. मच्छरदाणी दुहेरी झाली की त्यात पाण्यासारख्या लाटा दिसतात बघा, त्या कोणी विणलेल्या नसतात. जिथे रेघेवर रेघ बसते तिथे उजळ, जिथे रेघ फटीत बसते तिथे गडद, बस एवढंच. याला मोआरे म्हणतात. माझ्या रेघा १ मिलिमीटरवर असतात, त्यावर तशाच रेघांचा दुसरा थर फक्त १ अंश फिरवून छापला की साधारण ५७ मिलिमीटरवर एकेक लाट येते, अर्धाच अंश फिरवला तर ११५ वर. आणि एका थरातल्या दाट काळ्यापांढऱ्या रेघाही थरथरतात, कारण आपण कितीही टक लावली तरी डोळा बारीकसा हलतच असतो.

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीने १९६५ मध्ये 'फ्रॅगमेंट्स' नावाचे सात स्क्रीनप्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून इंक दाबून छापलेली चित्रं केली, कागदावर नाही, प्लेक्सिग्लास या पारदर्शक प्लास्टिकवर, तेही मागच्या बाजूने छापून, म्हणजे समोर इंकचा पोतसुद्धा लागत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ब्रशने रेघ काढली की डोळा ब्रशच्या खुणेवर जाऊन टेकतो, त्याला विसावा मिळतो. स्क्वीजीने, म्हणजे जाळीवरून फिरवायच्या रबरी पट्टीने, सपाट इंक ओढली की टेकायला काही उरतच नाही, मग डोळा फिरत राहतो आणि चित्र सुरू होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' प्रदर्शन झालं, मग असली डिझाइन्स कपड्यांवर आली आणि लोक याला नजरेची गंमत समजायला लागले. रायलीला ते आवडलं नव्हतं, मलाही पटत नाही.

आता कंप्युटर. रेघा आखायला मी तो वापरतेच, पण कंप्युटरच्या काय नि फोनच्या काय, पडद्याला स्वतःची पिक्सेलची जाळी असते ना, ती माझ्या रेघांत मिसळते आणि मी न छापलेल्याच लाटा दिसायला लागतात, म्हणून फोनवर फोटो मागू नका असं मी कळवळून सांगते.

आणि महिना कुठे जातो? कागदात. गेल्या जुलैत पहिला थर छापून दोरीवर लावला, रात्रभर पाऊस, सकाळी बघते तर ४०० मिलिमीटरचा कागद २ मिलिमीटर फुगलेला. एरवी फुलांच्या चित्रात हे कळलंही नसतं हो, पण इथे दुसरा थर बसवल्यावर मधोमध दोन रुंद पट्टे उठले, जे कुठेच आखलेले नव्हते. सगळे अठरा कागद गेले, खूप रडू आलं. चित्रात इतकं कमी असलं की चूक लपवायला जागाच नसते. आता पावसाळ्यात कागद आधी दोन दिवस त्याच खोलीत मोकळे टांगते आणि दोन्ही थर एकाच दिवशी उरकते.

पुढच्या वेळी आलात की प्रिंटसमोर चार फुटांवर उभे राहा आणि एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. घाई करू नका, मी चहा टाकते तोवर.