फॉर्ममधला 'शैली' नावाचा रकाना

तीन वर्षं झाली पण त्या फॉर्मचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं माझं. एका आर्ट गॅलरीत शोसाठी अर्ज करायचा होता. दहा चित्रांचे फोटो, फी, आणि खाली एक रकाना, 'आपली शैली, १५० शब्दांत'.

मी सातारची, शाळेत ड्रॉइंग शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून जलरंगच. रविवारी ग्रुपबरोबर वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जायचं, त्याच पायऱ्या, तीच घंटा, कृष्णेच्या पाण्यातलं तेच रिफ्लेक्शन. लाइक्स भरपूर यायचे. मी बिनधास्त लिहिलं 'वास्तववादी निसर्गचित्रण' आणि उरलेल्या जागेत रेघ मारली. सात महिन्यांनी एका ओळीचा ईमेल आला, 'कामात स्वतःची शैली दिसत नाही.'

म्हणजे चुकीचं नव्हतं हो, आमच्या ग्रुपमधल्या पाच जणांची चित्रं सही झाकून ठेवली तर कुणाचं कुठलं हे आम्हालाच ओळखता आलं नसतं. पण हे सांगायला सात महिने?

मग मी इरेला पेटले आणि शैली आणायलाच लागले. ॲक्रिलिक रंग घेतले, रंग थापायचा नाइफ घेतला, टेक्स्चर व्हाइटचे (खडबडीतपणा आणणाऱ्या पांढऱ्या लेपाचे) थर दिले, मग सोनेरी वर्ख, मग बिंदू आणि त्रिकोण पण काढून झाले. चित्रकार एस. एच. रझांचा बिंदू त्यांच्या लहानपणी मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्यातनं आला आणि चित्रात ठाण मांडून बसला तो वयाच्या साठीच्या आसपास, हे मी वर्गात पोरांना दरवर्षी सांगते. चित्रकार गायतोंडे १९४८ ला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, त्यांच्या सुरुवातीच्या कामात युरोपातला चित्रकार पॉल क्ले डोकावतो, हेही सांगते. आणि स्वतःला मात्र पुढच्या मार्चपर्यंत शैली पाहिजे होती! आठ-नऊ हजार रंगात गेले, परत अर्ज, परत फी, आणि पाच महिन्यांनी, 'कामात एकसूत्रीपणा नाही.'

फोन केला. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, कमिटी कारणं देत नाही. मग ही ओळ कुणी लिहिली म्हटलं, तर म्हणे ती सिस्टीममधून जाते, तुम्ही पुढच्या वर्षी परत भरा ना.

ब्रश चार महिने हातात घेतला नाही. (आणि हो, अर्जासाठी चित्रांचे फोटो फ्लॅश मारून काढू नका, माझे पहिले दहाही चकाकले होते, सकाळी खिडकीशी काढा.)

दिवाळीच्या साफसफाईला जुनी चित्रं हॉलभर पसरली होती, आई त्यातनं वाट काढत जाताना म्हणाली, "तुझ्या चित्रात आभाळच नसतं गं कधी." मेणवलीची सोडून बाकीची बघितली, खरंच नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, मी गॅलरीत बसून खालचं काढायची, पत्रे, निळ्या ताडपत्र्या, वाळत घातलेले पापड, स्कूटरच्या सीटा. कॉलेजात सर यावरून ओरडायचे, वर जागा सोड म्हणून, त्यामुळे ही चित्रं मी कधी कुणाला दाखवलीच नव्हती. चित्रांच्या मागे तारीख टाकत जा बरं का, मी टाकलेली म्हणून कळलं की हे बारा वर्षं चाललंय.

मग वर्षभर फक्त तेच काढलं. रंग तीनच, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, कारण पैसेच उरले नव्हते. पहिल्या दोघांचे इतके ग्रे निघतात की काळ्याची ट्यूब लागतच नाही. आणि काढायला बसण्याआधी इन्स्टा उघडायचं नाही, हे तर कटाक्षानं.

तिसऱ्यांदा रकान्यात एवढंच लिहिलं, 'मी वरून बघते.' निवड झाली. तारीख मिळालीय अडीच वर्षांनंतरची! आणि फी भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, माझ्याकडे निवड झाल्यावर तीच फी पुन्हा एकदा मागितली होती.