शहाबादी फरशी उलटवून पुन्हा बसवताना : सांगलीच्या जुन्या घरातील बारा आठवड्यांची नोंद

आमच्या सांगलीच्या घरातील माजघर १२ × १४ फुटांचे आणि स्वयंपाकघर १० × १२ फुटांचे आहे. दोन्ही मिळून २८८ चौरस फुटांची शहाबादी फरशी सासऱ्यांनी १९७१ साली बसवून घेतली होती. ऑगस्ट २०१९च्या महापुराचे पाणी घरात चार दिवस राहिले, २०२१च्या जुलैत ते पुन्हा उंबरठ्यापर्यंत आले आणि त्यानंतर ही फरशी ठिकठिकाणी खचत गेली. दारापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर दगड पावलांनी झिजून खोलगट झाला होता, मधल्या चार फरश्या पाय ठेवताच डुलत होत्या आणि सांध्यांतून ओल वर येत होती. या कामासाठी माझ्याजवळ १५,००० रुपये होते. दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्ससाठी साहित्य आणि मजुरी धरून ३४,००० रुपयांचा अंदाज मिळाला होता आणि त्यातही जुन्या फरशीवरच टाइल चिकटवण्याची सूचना होती. जमीन खाली खचत असताना वर काहीही चिकटवले तरी ते दोन पावसाळ्यांत पोकळ वाजू लागेल, शिवाय पातळी दीड इंच वाढून दारे घासतील, हे दिसत असल्यामुळे मी तो विचार सोडला आणि तीच फरशी उचलून, उलटवून पुन्हा बसवायचे ठरवले. घरची कामे स्वतःच्या हातांनी करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून, डिसेंबर ते मार्च या काळातील शनिवार-रविवारच्या कामाची ही नोंद मांडत आहे.

पहिला आठवडा

फरशी उचलण्याआधी हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक दगड ठोकून पाहिला आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारली. माजघरात जवळजवळ निम्म्या दगडांवर फुल्या पडल्या. भिंतीलगतचे दगड मात्र घट्ट होते आणि तेथे पृष्ठभागही फारसा झिजलेला नव्हता. दगड संपला आहे, अशी आतापर्यंत माझी समजूत होती. प्रत्यक्षात दगडाखालची जमीन संपली होती.

कोपऱ्यातील एक फुटकी फरशी काढून तेथून पहारीने पुढचा दगड हलकेच उचलायचा, या क्रमाने काम सुरू केले. जुनी फरशी चुन्यात बसवलेली असल्यामुळे ती सुटी झाली. हीच फरशी घट्ट सिमेंटात बसवलेली असती, तर निम्म्याहून अधिक दगड तुटले असते. म्हणून हा मार्ग निवडण्याआधी एक तरी दगड उचलून खालचा माल पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. दीड फूट चौरस, साधारण सव्वा इंच जाड अशी एक फरशी सुमारे १६ किलोंची भरते. ती एकटीने उचलण्यापेक्षा कडेवर उभी करून चालवत नेणे पाठीला सोसते. कापलेले तुकडे धरून १३१ दगड निघाले आणि त्यांतील १९ फुटले.

दुसरा आणि तिसरा आठवडा

खाली सहा-सात इंचांवर काळी माती लागली. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावर मुरुमाचा जाड थर नसेल तर वरची फरशी तिच्याबरोबर वरखाली होत राहते. आमच्या घरात मुरूम नावालाच होता. त्यात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडून घुशींनी हातभर लांब बिळे पोखरली होती. ती बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने भरून घेतली. हा उपाय सासूबाईंनी सांगितला आणि तो आमच्याकडे पूर्वीपासून केला जातो.

मऊ झालेली माती चार इंच खणून परसात टाकली. हे काम एकटीच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून दोन दिवस एक बिगारी सोबत घेतला. त्यानंतर एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, मुरूम आणला. तो दोन थरांत पसरून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, धुम्मसाने इतका ठोकला की टाचेचा ठसा उमटेनासा झाला. एकदम सगळा मुरूम पसरून वरून ठोकला तर वरचा भाग कडक होतो आणि तळाचा सैल राहतो.

मुरुमावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, असे दोघांनी सुचवले होते. आमच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या आहेत आणि त्यांच्या पायात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतून वर येणारी ओल फरशीखाली अडवली तर ती बाजूला सरकून भिंतीत चढेल आणि गिलावा लोणा लागून झडेल, या विचाराने मी कागद अंथरला नाही. नव्या बांधकामात मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

चौथा आठवडा

हा संपूर्ण आठवडा दगड साफ करण्यात आणि निवडण्यात गेला, आणि या साऱ्या कामात मला सर्वांत अधिक आनंद त्यानेच दिला. शहाबादी हा थरांनी बनलेला चुनखडी दगड आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून तो येतो आणि खाणीतच थराथराने सुटत असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी सपाट असतात. चिकटलेला चुना छिन्नीने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुतल्यावर खालची बाजू अशी काही निळसर करडी निघाली की सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझ्या मामंजींनी आणली तेव्हा अशीच होती बघ ही.”

मात्र दगड उलटवण्यात एक अडचण आहे आणि ती मला कोणीच आधी सांगितली नव्हती. जुने पाथरवट कडा घडवताना छिन्नी किंचित आत झुकवत, त्यामुळे वरचे सांधे केसाएवढे बारीक दिसत आणि खाली मालाला जागा मिळे. असा दगड उलटा केला की तीच तिरपी कड वर येते आणि दोन दगडांमध्ये ८ ते १० मिलिमीटरची दरज पडते. सगळ्या कडा कटरने सरळ करून घेता आल्या असत्या, परंतु तेवढ्या कापाईसाठी ब्लेड आणि वेळ दोन्ही परवडले नसते. म्हणून रुंद दरजा ठेवायच्या आणि त्या नीट भरायच्या, असे ठरवले. भिंतीजवळचे जे तुकडे कापावे लागले, ते अंगणात, पाणी सोडत आणि तोंडाला मास्क लावून कापले.

दगडांची जाडी एक इंचापासून पावणेदोन इंचांपर्यंत होती. त्यांचे पातळ, मध्यम आणि जाड असे तीन ढीग केले आणि एका ओळीत एकाच ढिगातले दगड लावायचे, असा नियम घातला. त्यामुळे मालाचा थर ओळीपुरता सारखा राहतो आणि प्रत्येक दगडामागे नव्याने मोजावे लागत नाही. जाड दगड दाराकडच्या वर्दळीच्या वाटेवर ठेवले. फुटलेल्यांच्या जागी २० नव्या फरश्या, म्हणजे ४५ चौरस फूट, २८ रुपये दराने आणल्या. त्यांचा रंग वेगळा दिसतो, म्हणून त्या कपाटाखाली आणि पिंपाच्या जागी लावायला बाजूला ठेवल्या.

पाचवा ते नववा आठवडा

पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर तीन फुटांच्या उंचीवर पातळीची रेघ मारली आणि पुढची सगळी मापे त्या रेघेपासून खाली घेतली. स्वयंपाकघरात मोरीकडे १०० फुटांस एक फूट असा उतार धरला, म्हणजे १२ फुटांत जवळजवळ दीड इंच. माजघरात मागच्या दाराकडे अर्धा इंच पुरेसा वाटला. पहिली ओळ काटकोनात आहे की नाही, हे भिंतीवर विसंबून न राहता तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण दोरीने आखून तपासले. जुन्या घरात भिंतींचा गुण्या, म्हणजे काटकोन, क्वचितच जुळतो आणि आमच्याकडे तर १४ फुटांत दोन इंचांचा फरक निघाला.

माल एकास सहा प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), कालवला. पहिल्या रविवारी तो पातळ झाला, दगड अलगद बसले म्हणून मी समाधानाने झोपले आणि सकाळी पाहते तो तीन दगड खाली उतरून कडांशी चार-चार मिलिमीटरचे ओठ तयार झालेले. ते तिन्ही उचलून माल खरवडून टाकावा लागला. गल्लीतील वृद्ध गवंडीकाका पाहायला आले, तेव्हा त्यांनी मूठभर माल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वहिनी, मूठ दाबली की लाडू झाला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये.” त्यानंतर याच अंदाजाने अर्धवट कोरडा माल कालवून पट्टीने सारखा केला. दगड एकदा ठेवून, रबरी हातोड्याने ठोकून पुन्हा उचलायचा. मालावर जेथे दगडाचा ठसा उमटला नसेल तेथे थोडा माल घालायचा, वर सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, ओतायची आणि मग भिजवलेला दगड कायमचा बसवायचा. झिजलेली बाजू आता खाली असल्यामुळे तिच्या खोलगट भागात माल पोहोचणे आवश्यक होते आणि दगड उचलून पाहण्याचा त्रास त्यासाठीच घेतला. एका दिवसात पंधरा ते अठरा दगडांपेक्षा अधिक बसवण्याचा प्रयत्न मी केला नाही. कालवलेला माल तासाभरात संपवावा लागतो आणि थकल्या हाताने बसवलेला दगड दुसऱ्या दिवशी ओळखू येतो.

दगडावर सांडलेले सिमेंट लगेच ओल्या स्पंजाने पुसले. सुकलेले डाग ॲसिडने काढण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण शहाबादीवर तो कधीही पाळू नये. फुटक्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून पाहिला, तर तेथे बुडबुडे आले आणि वाळल्यावर पांढरट, खरखरीत ठिपका राहिला. ॲसिड त्याहून कितीतरी अधिक दगड खाईल.

दहावा ते बारावा आठवडा

दरजा एकास तीन मालाने, बारीक चाळलेली क्रश सँड वापरून, दाबून भरल्या. वर ओले गोणपाट अंथरून सात दिवस पाणी मारले आणि त्या काळात स्वयंपाक ओटीवर केला. मशीन पॉलिश फक्त माजघराला, १४ रुपये चौरस फूट दराने, करून घेतले. स्वयंपाकघराची फरशी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, कारण सासूबाईंचे वय ७८ आहे आणि मोरीजवळ ओल्या पायांना पकड मिळणे मला चकाकीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

खर्चात आठ पोती सिमेंटचे २,९६०, अर्धा ब्रास क्रश सँडचे २,६००, वाहतुकीसह मुरुमाचे २,२००, नव्या फरशीचे १,२६०, टेम्पोचे ४००, बिगाऱ्याचे १,२००, ब्लेड, हातोडा, नळी आणि मास्क यांचे ७०० आणि पॉलिशचे २,३५२ रुपये लागले. एकूण १३,६७२ रुपये झाले.

काल स्वयंपाकघरात बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला. पाणी सरळ मोरीकडे गेले, फक्त पिंपाच्या डाव्या हाताला तळहाताएवढे थारोळे राहिले. तेथे नवी, यंत्राने कापलेली फरशी आहे आणि ती बसवताना मी लेव्हल एकाच दिशेने तपासली होती. येत्या रविवारी तेवढा एक दगड उचलून, मोरीच्या बाजूची कड दोन मिलिमीटर खाली घेऊन पुन्हा बसवेन.