एल्फिन्स्टन थर पुन्हा पहिल्यापासून: काका, पुतण्या आणि 'लॉर्ड'

मंडळी, आपला नकाशा म्हणजे आडनावांवरून जगभर पडलेली जागांची नावं: एका आडनावाचा एक थर, आणि जागा ज्या माणसाच्या नावाची त्याच्या रंगाची टाचणी. गेल्या रविवारी रात्री मी त्यातल्या एल्फिन्स्टन थरातल्या निळ्या टाचण्या एकजात राखाडी केल्या. पाच महिने एकेक करून लावलेला रंग दोन मिनिटांत उतरवला. माल्कम थर या महिन्यात सुरू करतो असं मागच्या टिपणात कळवलं होतं, पण आता तो लांबला आहे. का लांबला ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी जे कॅम्पबेल आणि डग्लस करत आहेत त्यांच्याही वाटेत हाच खड्डा येणार आहे.

रंग तुम्हाला पाठ आहेत. निळा म्हणजे मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, हिरवा म्हणजे ॲडमिरल कीथ (तोही एल्फिन्स्टनच), तांबडा म्हणजे ॲबरडीनचे बिशप विल्यम, राखाडी म्हणजे अजून न ठरलेली. चौथा माणूस माझ्या रंगपेटीत नव्हताच, आणि तिथंच सगळं बिघडलं.

एल्फिन्स्टन पूल २०२५ च्या सप्टेंबरात वाहतुकीला बंद झाला. त्यानंतर एका सकाळी मुद्दाम परळच्या बाजूनं चालत तिकडे गेलो. खाली प्रभादेवी स्टेशन. जुलै २०१८ मध्ये नाव बदललं, तरी फलाटावरची जुनी माणसं अजून 'एल्फिन्स्टन'च म्हणतात. माझ्याशेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "लॉर्ड एल्फिन्स्टनचं स्टेशन हे. काळ्या घोड्याचं कॉलेजही त्याचंच." मी मान डोलावली. मीही नकाशावर दोन्हीकडे निळी टाचणीच लावली होती. दादरला उतरताना मात्र तो 'लॉर्ड' कानात अडकून राहिला. माउंटस्टुअर्ट लॉर्ड कधी झाला?

तो लॉर्ड कधीच झाला नाही. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो चौथा मुलगा. किताब थोरल्या पातीकडे गेला, याच्या वाट्याला कंपनीची नोकरी आली. पुण्याचा रेसिडेंट, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची ज्याची रेसिडेन्सी जळाली तो, आणि मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. पुढे गव्हर्नर जनरलपद दोनदा चालून आलं तेही त्यानं नाकारलं. इतका मोठा माणूस असूनही नावामागे लॉर्ड नाही. आपल्याकडे मात्र गव्हर्नर म्हटला की त्याला लॉर्ड लावायची सवय जडली आहे. शाळेच्या पुस्तकापासून फलाटापर्यंत सगळे तसंच म्हणतात, मीही तसंच लिहीत आलो.

मुंबईचा लॉर्ड एल्फिन्स्टन वेगळा. जॉन, तेरावे लॉर्ड. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या. जन्म १८०७ चा. १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर, आणि १८५३ ते १८६० मुंबईचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा मुंबईत आला. स्टेशन याच्या नावाचं. फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कलही याच्याच नावाचं. ते १८७२ मध्ये पुरं झालं, आणि स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला मिळालं.

कॉलेज मात्र काकाचंच. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांवर रुपये जमवले, प्राध्यापक नेमण्यासाठी. बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते ते तिथं. म्हणजे एकाच शहरात, लोकलनं अर्ध्या तासाच्या अंतरात, काकाची एक टाचणी आणि पुतण्याच्या दोन. मी तिन्ही निळ्या करून बसलो होतो.

तर आता नियम नवा. आडनाव दिसलं की रंग द्यायचा नाही. आधी नाव कधी पडलं ते साल काढायचं, मग त्या साली त्या घराण्यातलं कोण कुठे होतं ते पाहायचं, आणि मगच रंग. यासाठी नकाशा बाजूला ठेवून आधी वंशावळ काढली. एका मोठ्या कागदावर आडवी कालरेषा, प्रत्येक माणसाची पट्टी, पट्टीवर हुद्दा आणि गाव. हे काम खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं.

कागद भरला तेव्हा चित्र असं दिसलं. ॲडमिरल कीथ, म्हणजे जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, हा माउंटस्टुअर्टचा काका. माउंटस्टुअर्ट हा तेराव्या लॉर्डचा काका. काबूलहून माघार घेताना १८४२ मध्ये ज्याच्या हाताखालची फौज संपली तो जनरल विल्यम एल्फिन्स्टन माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. सगळे एकाच घरातले, सगळ्यांचा पूर्वेकडच्या कारभाराशी संबंध, आणि नावंही तीच तीच फिरवलेली. पुतण्यासाठी जांभळा रंग घेतला आहे, तुमच्या फायलींतही तोच ठेवा.

नियमाची पहिली परीक्षा चेन्नईत झाली. अड्यार नदीवरचा जुना एल्फिन्स्टन पूल १८४० चा. माझ्याकडे तो निळा होता, कारण मी फक्त आडनाव पाहिलं होतं. १८४० मध्ये माउंटस्टुअर्ट इंग्लंडात पुस्तकांत रमलेला, आणि मद्रासच्या गादीवर पुतण्या. एका मिनिटात जांभळा. खूप बरं वाटलं.

दुसरी परीक्षा कॅनडातली, आणि तिनं मला पार चकवलं. ब्रिटिश कोलंबियात गिब्सन्स गावामागे माउंट एल्फिन्स्टन आहे. किनाऱ्यावरचा डोंगर, आरमारी सर्वेक्षकांनी दिलेलं नाव, म्हणून मी तिथं ॲडमिरल कीथची हिरवी टाचणी लावली होती. १८६० च्या आसपास कॅप्टन रिचर्ड्सनं त्या खाडीच्या भोवतालची बेटं आणि डोंगर १ जून १७९४ च्या सागरी लढाईतल्या माणसांच्या आणि जहाजांच्या नावांनी भरून टाकले. खाडीचं नाव हाऊ साउंड, आणि लॉर्ड हाऊ हा त्या लढाईतला इंग्रज सेनापती. त्या लढाईत 'ग्लोरी' जहाजाचा कप्तान जॉन एल्फिन्स्टन होता. कीथ नव्हे आणि आपला पुतण्याही नव्हे. आणखी एक जॉन! म्हणून नियमाला जोड दिली: एक नाव एकटं पाहायचं नाही, शेजारची नावंही वाचायची. शेजारी गॅम्बियर बेट आहे, बोयर बेट आहे, तेही त्याच लढाईतले. आजूबाजूची नावं वाचली असती तर चूक झालीच नसती.

आता या महिन्यातला खरा आनंद.

ओमानच्या मुसंदम टोकाला एक लांब, वाकडीतिकडी खाडी आत शिरते. स्थानिक नाव खोर अश्शम. जुन्या इंग्रजी नकाशांवर ती एल्फिन्स्टन इनलेट आहे. काका की पुतण्या, यावर ती टाचणी कितीतरी दिवस राखाडी पडून होती. माझं मन पुतण्याकडे झुकत होतं, कारण त्याच खाडीतल्या छोट्याशा बेटावर १८६० च्या दशकात तारेचं ठाणं होतं. कराचीहून इराणच्या आखातात टाकलेली समुद्री तार तिथून जायची. त्या बेटाला अजून टेलिग्राफ आयलंड म्हणतात. तार १८६४ ची, आणि १८६० पर्यंत मुंबईत पुतण्या होता, म्हणून जांभळाच असणार असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

मग शेजारची नावं वाचायचा नियम इथं लावला. खाडीच्या पाठीला एक अरुंद डोंगरी पट्टी, मकलब नावाची. ती ओलांडली की पलीकडे दुसरी खाडी, आणि तिचं जुनं इंग्रजी नाव माल्कम इनलेट! पाठीला पाठ लावून एल्फिन्स्टन आणि माल्कम. मुंबईचे दोन गव्हर्नर, एकापाठोपाठ एक: माउंटस्टुअर्ट १८२७ ला उतरला आणि सर जॉन माल्कम चढला, तो १८३० पर्यंत. त्या आखाताचं पहिलं नीट सर्वेक्षण मुंबईच्याच आरमारानं, बॉम्बे मरीननं, १८२० ते १८२९ मध्ये केलं. सर्वेक्षण संपलं तेव्हा पुतण्या २२ वर्षांचा, गव्हर्नरीपासून कोसो दूर. साल आणि शेजार दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात. टाचणी निळी केली, आणि त्या रात्री दुसरं काही काम केलं नाही.

मस्कतला असलेला माझा मावसभाऊ सुट्टीत खासबला गेला होता. तिथून लाकडी होडीनं या खाडीत फिरवून आणतात. त्याला मुद्दाम सांगून ठेवलं होतं. त्यानं बेटाचे नऊ फोटो पाठवले आणि फोनवर म्हणाला, "दादा, चारी बाजूंना नुसते सुळके आहेत रे. वारा नाही, सावली नाही. इथं तार राखत बसणाऱ्यांचे काय हाल झाले असतील!" ठाणं फार टिकलं नाही, काही वर्षांतच सोडून दिलं. फोटो टाचणीला जोडले आहेत.

आणि हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. ही जोडी आपल्याकडेही आहे! महाबळेश्वरची बाजारपेठ म्हणजे माल्कम पेठ. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात तो प्रदेश घेतला गेला, आणि पेठेला गव्हर्नराचं नाव पडलं. तिथून थोड्याच अंतरावर एल्फिन्स्टन पॉइंट. सह्याद्रीच्या माथ्यावर दोघं शेजारी, आणि अरबी समुद्रापलीकडे मुसंदमलाही दोघं शेजारी. म्हणून आता माल्कम थर वेगळा करायचा नाही असं ठरवतो आहे. दोन्ही आडनावं एकाच थरात घ्यायची आणि जिथं ती जोडीनं येतात तिथं मध्ये रेघ ओढायची. माल्कम घराण्यातही हीच गंमत आहे. जॉनचा भाऊ पल्टनी माल्कम ॲडमिरल होता, आणि ब्रिटिश कोलंबियातलं माल्कम बेट त्याचं. म्हणजे कॅनडातही जोडी आहे, फक्त माणसं वेगळी. तिथली रेघ तुटक ओढावी लागेल.

स्कॉटलंडबद्दल थोडक्यात. ईस्ट लोदियनमधलं एल्फिन्स्टन गाव मी 'व्यक्तीवरून गाव' या गटातून काढलं. तिथं उलट आहे, गावावरून आडनाव आलं, जसं आपल्याकडे गावाला 'कर' लागून येतं. तिथल्या मनोऱ्यात १५४६ मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला कैदेत ठेवलं होतं. पुढे खाणींमुळे जमीन खचली आणि विसाव्या शतकात मनोरा बहुतेक पाडावा लागला. त्याच नावाचा दुसरा मनोरा एअर्थजवळ डनमोरला आहे, तिथल्या प्रसिद्ध दगडी अननसापासून (अननसाच्या आकाराची इमारत) जवळच. दोन्ही एकच समजून मी एक टाचणी गाळली होती, ती परत लावली.

पोर्ट एल्फिन्स्टन मला फार आवडतं. नाव बंदराचं आणि गाव इन्व्हरुरीजवळ, समुद्रापासून चांगलंच आत. १८०५ मध्ये ॲबरडीनहून कालवा आला, हे त्याचं शेवटचं टोक, आणि नाव सर रॉबर्ट एल्फिन्स्टन यांचं. रेल्वे आली तसा १८५४ मध्ये कालवा मिटला, पण नाव राहिलं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने नकाशे फुकट पाहता येतात, आजच्या नकाशावर चढवूनही दिसतात. मी कालव्याची जुनी रेघ तिथून बोटानं माग काढत काढली. या छंदासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. उलट एका जुन्या नकाशांच्या विक्रेत्याकडून आखाताच्या तक्त्याची प्रत मागवली, पूर्ण पैसे भरले, आणि आली ती इतकी धूसर की खाड्यांची नावं वाचताच येईनात. आधी एका कोपऱ्याचा नमुना मागितल्याशिवाय कुणीही पैसे पाठवू नका.

देवनागरी खुणांचा, म्हणजे नकाशावर छापायच्या नावांचा, प्रश्न सुटला. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या संगणक प्रणालीत पडद्यावर 'एल्फिन्स्टन' सुरेख उमटायचं, पण पीडीएफ केली की 'ल्फि' आणि 'न्स्ट' फुटून पाय मोडलेली अक्षरं निघायची. खुणा मजकूर म्हणून न पाठवता आकार म्हणून पाठवल्या आणि जोडाक्षरं जागेवर बसली. फाईल जड होते, तरी चालेल.

पुढचं काम बदललं आहे. पुसलेल्या नावांचा एक नवा थर हवा: प्रभादेवी, हॉर्निमन सर्कल, आणि कराचीची एल्फिन्स्टन स्ट्रीट, जी आता झैबुन्निसा स्ट्रीट आहे आणि जुने कराचीकर जिला लाडानं 'एल्फी' म्हणत. प्रत्येकाला दोन साल लागतील, नाव पडलं ते आणि उतरलं ते. त्याशिवाय नावावरून पडलेल्या नावांना पोकळ टाचणी द्यावी असं वाटतं. गिब्सन्सची एल्फिन्स्टन शाळा डोंगरावरून, तिला माणसाचा रंग देणं चूक आहे.

आज सकाळपर्यंत मोजणी अशी: निळ्या ४, जांभळ्या ६, हिरवी १, तांबड्या ३, राखाडी ११. त्या अकरांपैकी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं एल्फिन्स्टन या आठवड्यात हाती घेतो. तिथल्या कॅसलमेन गावाच्या आसपासची नावं कुणी आधीच वाचून ठेवली असतील तर मला पाठवा, शेजार तिथूनच सुरू करायचा आहे.